तुम्ही विचारलंत म्हणून : कोणता ईसीयू घेऊ?

“पहिल्या पिढीची एमएक्स-5 घेतलीय, 1.6 लिटर, मॅन्युअल. टर्बो बसवायचाय. लिंक घेऊ, हॉलटेक घेऊ की मेगास्क्विर्ट?” परदेशात जुनी माझदा दारात उभी करून बसलेल्या मराठी मंडळींचा हा ठरलेला प्रश्न. तिन्ही नावं ईसीयूची, म्हणजे इंजिनाचं इंधन आणि ठिणगी सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाची. माझं उत्तर ऐकून विचारणारा हिरमुसतो, कारण मी नाव सांगत नाही. उलट विचारतो, वायरिंग कोण करणार आणि ट्यूनिंग, म्हणजे इंधन-ठिणगीचे आकडे बसवणं, कोण करणार?

ही टाळाटाळ नाही. चार सिलिंडर, दोन कॉइल आणि चार इंजेक्टर सांभाळणं तिघांनाही सहज जमतं. तुमच्या जवळच्या ट्यूनरचा हात ज्या सॉफ्टवेअरवर बसलाय, तो ईसीयू निम्मं काम आधीच करून येतो.

“पण प्लग-इन, म्हणजे मूळ ईसीयूच्या जागी सरळ बसणारा, घेतला की झालं ना?” नाही झालं. या गाडीत हवा मोजायला झडपेचा एअरफ्लो मीटर आहे. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालणारा ईसीयू लावला की तो काढता येतो, पण हवेचं तापमान मोजणारा सेन्सर आणि पेट्रोल पंप चालू ठेवणारा स्विच त्याच्याच पोटात असतात. म्हणजे तापमानाचा सेन्सर वेगळा बसवायचा आणि पंपाचा रिले ईसीयूकडून चालवायचा. मॅन्युअल 1.6 मधला थ्रॉटल सेन्सर हा नुसता स्विच आहे : पाय पूर्ण वर किंवा पूर्ण खाली, मधलं काहीच कळत नाही. तोही बदलायचा. आणि या इंजिनाला कारखान्यातून नॉक सेन्सर, म्हणजे मिश्रण चुकीचं पेटल्याची ठोक ओळखणारा सेन्सर, नाही.

आता एका गाडीबद्दल सविस्तर, कारण माझं मत तिथे बदललं. 1990 ची 1.6, टर्बो लावलेली, बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, अर्ध्या बारच्या आसपास. 5,500 आरपीएमच्या पुढे खोकायची. प्लग बदलले, गॅप 0.7 मिलिमीटरवर आणली, कॉइल बदलली. मग ठरलं की ईसीयूच हलका आहे. दुप्पट किमतीचा आणला आणि जुन्याच वायरिंगला जोडला. खोकणं कमी झालं, गेलं नाही. कमी झालं म्हणजे बरं झालं असं धरून बूस्ट वाढवला, आणि तिसऱ्या पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटली.

सगळ्यांनी मॅपवर, म्हणजे ईसीयूतल्या इंधन-ठिणगीच्या तक्त्यावर, बोट ठेवलं. ईसीयूने नोंदवलेल्या लॉगमध्ये मिश्रण व्यवस्थित होतं, बूस्टमध्ये लॅम्डा 0.80, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जरा जास्तच. चुकत होता तो आरपीएमचा आलेख. 5,700 वरून एका क्षणात 7,900 आणि लगेच परत खाली. कुठलंही इंजिन इतक्या झटक्यात वर जाऊन खाली येत नाही. ईसीयूला नसलेला सिग्नल दिसत होता, आणि त्या चुकीच्या हिशोबाने ठिणगी वेळेआधी पडत होती. ट्रिगर स्कोप, म्हणजे सेन्सरचा सिग्नल आलेखात दाखवणारी सोय, लावल्यावर तो जास्तीचा काटा डोळ्यांना स्वच्छ दिसला.

1.6 मध्ये कॅम अँगल सेन्सर (इंजिन किती फिरलंय हा सिग्नल ईसीयूला देणारा) आणि कॉइल दोन्ही हेडच्या मागच्या बाजूला शेजारी-शेजारी असतात. या गाडीत सेन्सरची वायर कॉइलच्या वायरींबरोबर एकाच टेपमध्ये गुंडाळलेली होती. त्या वायरीभोवतीची शिल्डची जाळी दोन्ही टोकांना अर्थ केलेली. शिल्ड एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला, अर्थ करायची. दोन्हीकडे केली की इंजिनच्या अर्थचा करंट त्या जाळीतूनच वाहायला लागतो. वायर वेगळ्या वाटेने नेली, इंजिनच्या बाजूचं टोक सोडवलं, ठिणगीचा विद्युत गोंगाट कमी करणारे रेझिस्टर प्लग लावले. काटा गेला. पिस्टन मात्र गेला तो गेलाच.

पूर्वी मीच सांगायचो की बजेटमधला सगळ्यात महाग घ्या. ते चूकच होतं असं आजही म्हणवत नाही. ऑइल प्रेशर पडलं की इंजिन बंद करणं, इंधनाचा दाब घसरला की बूस्ट तोडणं, ही कामं चांगला ईसीयू नेटकी करतो. त्या गाडीत ट्रिगर फिल्टरिंगही, म्हणजे खोटे सिग्नल गाळणंही, महागड्याचंच सरस होतं. पण त्या सरसपणानेच दुखणं झाकलं, हे मी विसरू शकत नाही.

तेव्हा कुठलाही घ्या, पहिलं पेट्रोल जाळण्याआधी एवढं करा. इंजेक्टरची वायर काढा, सॉफ्टवेअरमध्ये ठिणगीचं टायमिंग 10 अंशांवर लॉक करा, स्टार्टर फिरवत टायमिंग लाइट क्रँक पुलीवर धरा. खूण जुळली की इंजेक्टर जोडून इंजिन सुरू करा, आणि टायमिंग लॉकच ठेवून 1,000 ते 4,000 आरपीएमपर्यंत न्या. खूण जागची हलता कामा नये. वेगाबरोबर सरकत गेली तर बहुतेक वेळा सिग्नलची उलटी कड (चढतीऐवजी उतरती किंवा उतरतीऐवजी चढती) निवडलेली असते. सरकली, तर मॅपला हात लावू नका.

राहता राहिला मूळ सेन्सरऐवजी क्रँकवर बसवायच्या 36-1 दातांच्या (36 पैकी एक दात गाळलेल्या) चाकाचा वाद. कॅमवरचा सेन्सर टायमिंग बेल्टच्या ताणाबरोबर थोडा डुलतो, क्रँकवरचा डुलत नाही. पण टर्बो नसलेल्या कितीतरी गाड्या मूळ सेन्सरवर वर्षानुवर्षं नीट धावतायत, त्यांना तो खर्च करा असं छातीठोकपणे सांगवत नाही. तुम्ही टर्बो लावणार आहात. तुम्ही करा.