डोंगरातील डायनासोरच्या पाऊलखुणांची नोंद: माझा अनुभव

डोंगरातल्या कातळावर दिसणारा प्रत्येक तीनबोटी खळगा डायनासोरच्या पावलाचाच असतो असे नाही. पाण्याने झिजलेले खड्डेही पाहणाऱ्याला सहज चकवतात. म्हणून एक ठसा नजरेस पडल्यावर मी त्याच्या पुढचा आणि त्याच्याही पुढचा शोधू लागलो. डाव्या-उजव्या पावलांचा क्रम, जवळपास सारखे अंतर आणि पायाच्या दाबाने कडेला उचलला गेलेला चिखल, हे सारे जुळले तेव्हाच शंका फिटली. त्याच स्तरावर लाटांच्या बारीक वळ्या आणि वाळलेल्या चिखलाच्या भेगाही होत्या. म्हणजे आज भिंतीसारखा उभा असलेला हा कातळ एके काळी सपाट, ओलसर किनारा होता आणि भूकवचाच्या हालचालींनी तो पुढे उचलला गेला.

नोंदीच्या कामात खरी कसोटी उजेडाची लागते. सूर्य माथ्यावर असला की उथळ ठसे जवळजवळ दिसेनासे होतात, तर कलत्या उन्हात बोटांच्या कडा सावलीमुळे ठळक होतात. त्यामुळे शोध सकाळ-संध्याकाळीच घ्यावा लागला. छायाचित्रांवरून संगणकावर तयार करायच्या त्रिमितीय प्रतिकृतीसाठी मात्र गडद सावल्या अडचणीच्या, म्हणून एकमेकांवर भरपूर चढणारी छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी ठेवून, ढगाळ वेळी काढली. साफसफाई केवळ मऊ ब्रशने केली. छिन्नी तर पिशवीतही नव्हती. साच्यासाठी रबर ओतण्याचा मोहही टाळला, कारण ते सोलताना भेगाळलेला पृष्ठभाग निघून येऊ शकतो.

प्रत्येक ठशाची लांबी, रुंदी, बोटांमधले कोन, पावलांमधले अंतर आणि थराचा कल वहीत उतरवला. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर यांनी 1976 साली मांडलेल्या पद्धतीनुसार पावलाच्या लांबीच्या सुमारे चौपट उंचीवर प्राण्याचे नितंब असतात. म्हणजे 30 सेंमीच्या ठशामागे अंदाजे 120 सेंमी. हा ढोबळ अंदाजच, कारण वरच्या थरावरचा दाब खालच्या थरांतही उमटतो आणि अशा दुय्यम ठशाचे माप फसवे असते. निमुळती बोटे व नख्यांच्या खुणा पाहून मी ‘बहुधा थेरोपॉड’ (दोन पायांवर चालणाऱ्या, बहुतांशी मांसाहारी डायनासोरांचा गट) एवढेच लिहिले. जाती सांगणे ठशावरून सहसा शक्य नसते.

नेमके स्थान मी जाहीर केले नाही. नकाशा, मोजमापे आणि मूळ छायाचित्रे संग्रहालयातील भूवैज्ञानिकांकडे सोपवली. कातळाच्या कडेच्या भेगांत पाणी गोठून तुकडे सुटत आहेत, त्यामुळे हिवाळा सरल्यावर पुन्हा छायाचित्रे घेऊन ती या प्रतिकृतीशी ताडून पाहायची, असे आमचे ठरले आहे.