पेन्सिलीची फुली

दुपारी ३ च्या सुमारास बँकेत साठीची बाई सही करताना बघावी. आधी चष्मा, मग पेन चालतंय का म्हणून पावतीच्या मागे गिरगोटा, मग काउंटरवर वाकून, "इथंच ना?" हा प्रश्न अख्ख्या संसाराचा असतो. घरातला माणूस कागद पुढे सरकवायचा, पेन्सिलीनं फुली आधीच मारलेली असायची. "तू इथं सही कर, बाकीचं मी बघतो." याला नुसतं प्रेम म्हणावं का, यावर वाद घाला. प्रेम त्यात होतंच.

एरवी आईची सही मुलांच्याच कामाची. गणिताखाली लाल रेघ असली की प्रगतिपुस्तक बाबांकडे न जाता स्वयंपाकघरात जायचं, आणि सहीशेजारी कणकेचं बोट उमटायचं.

मग एक दिवस बाकीचं बघणारा राहत नाही.

मृत्यूच्या दाखल्याच्या १० प्रती काढाव्यात, त्या पुरत नाहीत. खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो चालवू शकेल असं, असेल तर अर्ज, दाखला, केवायसी एवढ्यावर भागतं. वारस दाखल्यासाठी सहसा कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. खातं एकट्याचं असेल तर नॉमिनी बघायचा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त; हे भावंडांना फार उशिरा कळतं. कागद पुरे असतील तर दावा १५ दिवसांत मिटवावा, असं रिझर्व्ह बँक सांगते. हा आकडा काउंटरवर शांतपणे उच्चारून बघावा. सरकारी कुटुंब निवृत्तिवेतन असेल तर आपण जिवंत आहोत हेही दर नोव्हेंबरात लिहून द्यायचं.

घोडं अडतं ते सहीपाशी. खातं काढताना नमुना सही 'सौ.' लावून दिलेली असते, आणि अर्जावरची सही नमुन्याशी जुळायला हवी. म्हणजे नवरा गेल्याचं कळवणाऱ्या अर्जाखाली 'सौ.' लिहायचं. नाही लिहिलं तर कागद परत. काउंटरवरच्या मुलाला ते सहीतलं पहिलं अक्षर वाटतं, बाकी काही नाही. एका परीनं बरंच.

उपाय आहे. नव्या नमुना सहीचा अर्ज, फोटो, ओळखपत्र आणि अधिकाऱ्यासमोर दोन-तीनदा तीच सही. 'तीच' हीच मेख. त्यासाठी आठवडाभर हात बसवावा लागतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू याला उत्तम. वेलबुट्टीची सही ठरवू नये, तिसऱ्या चेकला ती वेगळी होते. सुट्या अक्षरांत सरळ नाव लिहावं, हात थरथरला तरी ओळखू येतं. त्या पत्रिकांच्या पाठी नीट पाहिल्या तर एखाद्या कोपऱ्यात माहेरचं नावही लिहून बघितलेलं सापडतं. एकदाच. मग खोडलेलं.

वर्षभरात ठेवींच्या तारखा पाठ होतात. शेजारणीच्या फॉर्मवर पेन्सिलीनं फुली मारून दिली जाते.

विजेचं बिल तेवढं त्यांच्याच नावानं येत राहतं. नाव बदलायचा अर्ज असतो, फार अवघडही नसतो. पण बिल वेळेवर भरलं की कुणी विचारत नाही.