डलहौसींचे किताब: स्कॉटलंडमधल्या एका उमराव घराण्याच्या मागावर

साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या माणसाला गव्हर्नर जनरल डलहौसी कोण हे सांगावं लागत नाही. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. त्यापूर्वी त्यांनी व्यंकोजीराजांना दत्तक घेतलं होतं. औरस पुत्र नाही आणि दत्तकाला आमची मंजुरी नाही, असं कारण देऊन कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचा विरोध होता, पण त्यांचं कोणी ऐकलं नाही. १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी त्याच वाटेनं गेली. हे सगळं मला पाठ होतं. ज्या माणसानं हे धोरण रेटलं, त्याच्या स्वतःच्या घरात वारसा कसा चालायचा, हे मात्र कधी वाचलेलं नव्हतं. माझी मावसबहीण एडिनबरात राहते. तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हाच या घराण्याच्या जागा पाहून यायच्या असं मी पक्कं केलं. कोणाला याच वाटेनं जायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जाण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. तिथल्या उमरावीत वरून खाली ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट अशा पायऱ्या आहेत. सर्वात खालच्या पायरीला इंग्लंडात बॅरन म्हणतात, तर जुन्या स्कॉटिश उमरावीत नुसतं लॉर्ड. प्रत्येक किताब वेगळ्या सनदेनं मिळतो आणि तो पुढे कोणाकडे जायचा हे त्या सनदेतच ठरलेलं असतं. आपल्याकडच्या इनामांच्या सनदा आठवा, तसंच. त्यामुळे एकाच माणसाकडचे तीन किताब त्याच्या मृत्यूनंतर तीन वेगळ्या वाटांना लागू शकतात. एखादा चुलत्याच्या मुलाकडे जातो, एखादा तिथेच संपतो.

एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनवरून बॉर्डर्स रेल्वेची गाडी घ्यायची. हा मार्ग कित्येक वर्षं बंद होता, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. एस्कबँक किंवा न्यूटनग्रेंजला उतरलं की डलहौसी कॅसल जवळच आहे. आम्ही न्यूटनग्रेंजला उतरून चालत गेलो. चालायचं असेल तर अर्धा-पाऊण तास धरा आणि रस्त्याला सगळीकडे पदपथ मिळणार नाही हे लक्षात ठेवा. सोबत वयस्कर माणसं असतील तर टॅक्सी आधी सांगून ठेवा, या छोट्या स्टेशनांबाहेर ती उभी असेलच असं नाही.

किल्ला लालसर दगडाचा, साउथ एस्क नदीच्या काठी झाडीत. आता तिथे हॉटेल आहे. मध्यंतरी काही काळ शाळाही भरायची. राहायचं नसेल तर दुपारच्या चहासाठी टेबल राखून ठेवा, म्हणजे आत निवांत बसता येतं. लग्नसमारंभ असला की बाहेरच्यांना प्रवेश मिळणं अवघड, म्हणून तारीख ठरवण्याआधी फोन कराच. शाकाहारी आहात हे नोंदवतानाच सांगा, त्याची सोय नीट करतात.

रॅम्से हे या घराण्याचं आडनाव. बाराव्या शतकात राजा पहिला डेव्हिड याच्याबरोबर सायमन रॅम्से लोदियनमध्ये आला, तिथून वंश सुरू होतो. किताब मात्र कितीतरी उशिरा आले. मधली शतकं हे लोक तलवारीवर जगले. सर अलेक्झांडर रॅम्सेनं १३३८ मध्ये इंग्रजांच्या वेढ्यात अडकलेल्या डनबार किल्ल्यात समुद्रातून रसद पोचवली, आणि १३४२ मध्ये रॉक्सबरो किल्ला परत जिंकला. राजानं बक्षीस म्हणून टिव्हियटडेलचं शेरीफपद दिलं. ते पद आपलंच असं मानणाऱ्या विल्यम डग्लसनं त्याला पकडून हर्मिटेज किल्ल्याच्या तळघरात उपाशी मारलं. वरच्या कोठारातून गळणाऱ्या धान्याच्या दाण्यांवर तो काही दिवस तगला अशी कथा तिकडे सांगतात. एका पदासाठी एवढं क्रौर्य. इंग्लंडच्या सीमेलगतच्या बॉर्डर्स भागात मुक्काम असेल आणि स्वतःची गाडी असेल तर हर्मिटेजला जरूर जा. ओसाड माळावर उभा असलेला तो किल्ला पाहिल्यावर ही हकीकत खोटी वाटत नाही. हिवाळ्यात तो बंद असतो, एवढं तपासून निघा.

पहिला किताब आला तो सहाव्या जेम्सच्या कारकिर्दीत. जॉर्ज रॅम्से १६१८ मध्ये लॉर्ड रॅम्से ऑफ मेलरोज झाला आणि पुढच्याच वर्षी ते बदलून लॉर्ड रॅम्से ऑफ डलहौसी झाला. त्याच्या मुलाला, विल्यमला, १६३३ मध्ये अर्ल ऑफ डलहौसी केलं. याच जॉर्जचा भाऊ जॉन. १६०० साली गाउरीच्या प्रकरणात, म्हणजे राजावरच्या कटात, त्यानं राजाचा जीव वाचवला म्हणून तो व्हायकाउंट हॅडिंग्टन आणि पुढे अर्ल ऑफ होल्डरनेस झाला. भावापेक्षा कितीतरी मोठी झेप. पण १६२६ मध्ये तो वारला तेव्हा मागे मूल नव्हतं, आणि ते सगळे किताब त्याच्याबरोबर गेले. धाकट्याची झेप विझली आणि थोरल्याचा साधा किताब आजही चालू आहे.

१७०७ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड एक झाले आणि स्कॉटिश उमरावांची पंचाईत झाली. सगळ्यांना लंडनच्या लॉर्ड्स सभेत जागा नव्हती, त्यांनी आपल्यातून १६ जण निवडून द्यायचे. म्हणून नवव्या अर्लला १८१५ मध्ये संयुक्त राज्याच्या उमरावीतली वेगळी बॅरनी मिळाली, तिच्यामुळे सभेतली जागा पक्की झाली. हा नववा अर्ल कॅनडात गव्हर्नर जनरल होता, तिथलं डलहौसी विद्यापीठ त्यानंच १८१८ मध्ये स्थापलं. पुढे तो हिंदुस्थानात सरसेनापती होता.

त्याचा मुलगा जेम्स, दहावा अर्ल, आपला डलहौसी. १८१२ मध्ये याच किल्ल्यात जन्म, १८६० मध्ये इथेच मृत्यू, वय अवघं ४८. पंजाब जिंकल्यावर १८४९ मध्ये त्याला मार्क्विस केलं, आणि त्या किताबाच्या सनदेत डलहौसी कॅसलच्या जोडीला पंजाबचं नाव घातलं. त्याला मुलगे नव्हते. सुसान आणि एडिथ या दोन मुली. झालं असं, की तो गेल्यावर मार्क्विसचा किताब संपला. वडिलांची १८१५ ची बॅरनीही संपली. पण १६३३ चा अर्लचा किताब सख्ख्या चुलतभावाकडे, फॉक्स मॉलकडे गेला. तोही १८७४ मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा किताब आणखी एका चुलतभावाकडे, नौदलातल्या जॉर्ज रॅम्सेकडे गेला. लागोपाठ दोन वेळा औरस मुलगा नसताना घराणं चालू राहिलं.

किल्ल्यापासून जवळ कॉकपेनचं जुनं, पडकं चर्च आहे. डलहौसीची कबर तिथल्या आवारात आहे. टेकडीवर उंच मनोऱ्याचं जे चर्च दुरून दिसतं ते १८२० चं नवं, त्याच्याकडे गेलात तर चुकीच्या जागी पोचाल. जुनं चर्च खाली, झाडांत आहे. जमीन ओली असते, बूट चांगले घाला. तिथे उभं राहिल्यावर मला राग आला असं नाही, पण एक विचार काही केल्या सुटेना. भोसले कुळातही भाऊबंद होतेच, आणि कंपनीशी झालेल्या १८१९ च्या तहात वारस व उत्तराधिकारी असे शब्द होते. रंगो बापूजी गुप्ते आप्पासाहेबांचे थोरले भाऊ, कंपनीनं गादीवरून काढलेले प्रतापसिंह महाराज, यांचं गाऱ्हाणं घेऊन वर्षानुवर्षं लंडनमध्ये दारोदार फिरले. ज्याच्या घरात हक्क चुलत्यांच्या वंशात सरकू शकत होता, त्यानं दुसऱ्याच्या घरी औरस मुलावाचून सगळं संपतं असं ठरवलं.

त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं आहे तेही सांगते. स्कॉटलंडच्या कायद्यात दत्तक ही गोष्टच १९३० पर्यंत नव्हती. आजही दत्तक मुलाला तिथे उमरावीचा किताब मिळत नाही. रक्ताचा वारस हाच वारस, या समजुतीत तो वाढला. पण मला ही सबब पुरेशी वाटत नाही, कारण १७०७ पूर्वी त्याच देशात आपल्या पसंतीचा वारस नेमायची रीत होती. उमराव आपला किताब राजाच्या स्वाधीन करायचा आणि नव्या सनदेत हव्या त्या माणसाचं नाव घालून परत घ्यायचा. पहिला अर्ल ऑफ रॉक्सबर्ग, रॉबर्ट कर, याचे मुलगे त्याच्याआधी गेले. त्यानं १६४६ मध्ये अशी सनद करून मुलीच्या मुलाला, विल्यम ड्रमंडला, वारस केलं. नातवानं आडनाव बदलून कर केलं. दौहित्राला घरात घेऊन नाव चालवणं म्हणजे आपल्या लोकांना ओळखीची गोष्ट. या घराण्याचा फ्लोर्स कॅसल केल्सो गावाजवळ आहे, हंगामात पाहता येतो. बॉर्डर्स रेल्वेच्या शेवटच्या ट्वीडबँक स्टेशनवरून बसनं केल्सो गाठता येतं.

कागदपत्रांची आवड असणाऱ्यांनी एडिनबरात अर्धा दिवस तरी राखून ठेवावा. प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला जनरल रजिस्टर हाउस आहे, तिथे राष्ट्रीय अभिलेखागारात डलहौसी घराण्याचं दप्तर जीडी ४५ या क्रमांकाखाली आहे. वाचकपत्र फुकट मिळतं. फोटोचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, कागद ऑनलाइन यादीतून आधी निवडून कळवा, कारण काही गठ्ठे दुसऱ्या इमारतीतून आणावे लागतात. आपले खासगी कागद मृत्यूनंतर ५० वर्षं उघडू नयेत असं डलहौसीनं मृत्युपत्रात लिहिलं होतं. शेजारच्या न्यू रजिस्टर हाउसमध्ये लॉर्ड लायनचं न्यायालय आहे. कुलचिन्हं कोणी वापरायची याचा निवाडा तिथे अजूनही होतो. रॅम्सेंचं चिन्ह रुपेरी ढालीवर पंख पसरलेला काळा गरुड.

चुलतभाऊ फॉक्स मॉल हा उत्तरेला अँगस परगण्यातला. मॉल हे आडनाव कसं आलं तेही ऐकण्यासारखं आहे. पॅनम्यूरच्या मॉल आडनावाच्या अर्लनं १७१५ च्या, स्ट्युअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठीच्या बंडात भाग घेतला, म्हणून त्याचा किताब आणि जमीन जप्त झाली. जमीन पुढे घराण्यानं परत मिळवली, आणि ती डलहौसींच्या धाकट्या शाखेकडे आली ती मॉल नाव लावण्याच्या बोलीवर. फॉक्स मॉल पुढे क्रिमियन युद्धाच्या काळात युद्धमंत्री होता. अँगसमध्ये ब्रेखिन कॅसल हे खासगी घर आहे, आत जायची अपेक्षा ठेवू नका. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं रानावनात, माळावर फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, पण घराभोवतीच्या बागेत नाही. ब्रेखिन गावातला अकराव्या शतकातला गोल मनोरा मात्र बघाच. मुख्य मार्गावरची गाडी ब्रेखिनला जात नाही. मॉन्ट्रोजला उतरून बस घ्यायची.

अँगसमधली सगळ्यात सुंदर जागा ग्लेन एस्कच्या वरच्या टोकाला आहे. इन्व्हरमार्कपासून चालत गेलं की दरीत क्वीन्स वेल लागते. १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणी आणि अल्बर्ट तिथे पाणी प्यायले, त्याची आठवण म्हणून फॉक्स मॉलनं झऱ्यावर दगडी मुकुट बांधला. जाऊन-येऊन दोन-अडीच तास लागतात, वाट सोपी आहे, पण गाडीशिवाय तिथवर पोचता येत नाही आणि वाटेत खायला काही मिळत नाही. पावसाचा कोट घ्याच.

पुणेकरांनी शेवटी एअरला जावं. डलहौसीचे किताब त्याच्या मुलींना मिळाले नाहीत, पण आजीकडून आलेली कोल्स्टनची जमीन सुसानला मिळाली. आणि धाकटी एडिथ १८५९ मध्ये सर जेम्स फर्ग्युसन यांची पत्नी झाली. हेच ते मुंबईचे गव्हर्नर, ज्यांचं नाव १८८५ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला दिलं. ज्या कॉलेजात आगरकर प्राचार्य होते ते डलहौसीच्या जावयाच्या नावाचं आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. एअरच्या वेलिंग्टन स्क्वेअरमध्ये त्यांचा पुतळा आहे. त्याच चौकात १८५७ चा उठाव क्रूरपणे चिरडणाऱ्या जनरल नीलचाही पुतळा आहे. कानपुरात या नीलनं काय केलं ते माहीत असलेल्यांना तिथे वाईट वाटेल, माझंही तसंच झालं. फर्ग्युसन स्वतः किलकेरनचे बॅरोनेट. बॅरोनेट हा उमरावीच्या खालचा वंशपरंपरागत किताब, त्याला लॉर्ड्स सभेत जागा नाही. तो एडिथच्या मुलाकडे, चार्ल्सकडे गेला. डलहौसीचा वंश असा मुलीच्या बाजूनं किलकेरनला नांदला.

एअरला जायला ग्लासगो सेंट्रलवरून गाडी मिळते, तासाभराच्या आत पोचते, आणि स्टेशनपासून चौक चालत जाण्यासारखा आहे. एडिनबराहून एका दिवसात जमतं. फक्त एवढं ध्यानात ठेवा की एडिनबराच्या बहुतेक जलद गाड्या ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनात येतात आणि सेंट्रल हे वेगळं स्टेशन आहे. मध्ये दहा मिनिटं चालावं लागतं, सामान असेल तर थोडं जास्त, तेव्हा दोन गाड्यांमध्ये निदान अर्धा तास ठेवा.