टॉर्चसाठी सेल निवडताना: एका लाईनमनचा अनुभव

पावसाळ्यात रात्री 11 केव्हीचा फीडर (गावांना वीज नेणारी 11 हजार व्होल्टची लाईन) ट्रिप झाला, म्हणजे बिघाडानं आपोआप बंद पडला की उसातून, चिखलातून पायी पेट्रोलिंग करावं लागतं. खांबावर तार ज्यावर बसते त्या पिन इन्सुलेटरला गेलेला तडा किंवा सुटलेला जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) खालून दिसायचा तर झोत लांब मारणारा टॉर्च हवा. तो मी घेतला. खरी डोकेदुखी सेलची निघाली.

टॉर्चसोबत आलेल्या चार्ज करायच्या लिथियम-आयन सेलवर 9900 एमएएच (सेलची साठवण क्षमता) छापलेलं होतं. फुल मोडवर झोत काही मिनिटांत पिवळट व्हायचा. 18650 मापाचा, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब सेल, चांगल्यात चांगल्या कंपनीचा असला तरी 3500-3600 एमएएचच्या, अगदी नवा असला तर फार तर 4000 च्या आसपासच थांबतो. 9900 त्यात मावणारच नाही. ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर ठेवला तर 30 ग्रॅमही भरेना. अस्सल सेल साधारण 45 ते 50 ग्रॅमचा असतो. क्षमता मोजणारा चार्जर मित्राकडून आणला, तर आकडा हजाराच्याही आत!

मग कोल्हापुरात लॅपटॉपचे बॅटरी पॅक दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो एमएएचचा नव्हताच. "दादा, तुमचा टॉर्च फुलवर किती अँपिअर ओढतो?" पाच-सहा, मी म्हणालो. त्यांनी दोन सेल पुढे ठेवले. पॅनासोनिकचा एनसीआर18650बी, 3400 एमएएचचा, पण सतत जेमतेम 5 अँपिअर देणारा. आणि सॅमसंगचा 30क्यू, 3000 एमएएचचाच, पण 15 अँपिअरपर्यंत चालणारा. जास्त भार घेतला की पहिल्याचं व्होल्टेज बसतं, आणि क्षमता शिल्लक असतानाच टॉर्च मंदावतो. आमच्या भाषेत सांगायचं तर गावाच्या टोकाला पंप सुरू झाल्यावर दिवे मिणमिणतात, तसंच. मी 30क्यू उचलला. घरात, लोडशेडिंगला मंद उजेडावर तासन्‌तास चालवायचा असता तर पॅनासोनिकच घेतला असता.

अजून एक अडचण होती. उलटा सेल टाकला तर टेकू नये म्हणून माझ्या टॉर्चमध्ये प्लॅस्टिकची रिंग आहे, त्यामुळे सपाट टोकाचा सेल तिथं पोचतच नाही. बटन टॉप, म्हणजे धन टोकाला उंचवटा असलेला हवा होता. शिवाय या कंपन्या असे सेल पॅकमध्ये, संरक्षक सर्किटसोबत वापरायला बनवतात. सुटा सेल खिशात घालून फिरणं त्यांना अपेक्षितच नाही. म्हणून बुडाला सर्किट बसवलेला प्रोटेक्टेड सेल मागितला. तो चार-पाच मिलिमीटर लांब भरतो, म्हणून टॉर्च सोबत नेला होता ते बरं झालं. झाकण घट्ट बसतंय हे तिथंच पाहिलं. महाग पडला, पण आमच्या झोळीत पक्कड, पाने, तारांचे तुकडे असतात. या सेलचं अख्खं पत्र्याचं अंग ऋण असतं, वरच्या टोकाच्या कडेपर्यंत. वेष्टण फाटलं आणि पाना आडवा आला की शॉर्ट. ते सर्किटही अडवू शकत नाही, म्हणून जादा सेल प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवतो.

चार्जरवर पैसे वाचवू नयेत असं माझं मत. भिंतीत थेट खोचायचा एक स्वस्त चार्जर मल्टिमीटर लावून पाहिला, तो 4.2 व्होल्टवर, म्हणजे सेल पूर्ण भरल्यावर, थांबतच नव्हता. तो फेकून दिला. आता रोज ड्यूटीवरून आल्यावर, जागं असेपर्यंतच सेल लावतो. उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत काही ठेवत नाही, आणि पावसाळा संपल्यावर जादा सेल अर्धवट चार्ज करून कपाटात टाकतो.

आमचा हेल्पर परवा विचारत होता, "तात्या, 21700 वाला टॉर्च घेऊ का? सेल 5000 एमएएचचा येतो म्हणे." येतो, खराच येतो, आणि तो मापानंही मोठा असतो. पण रात्री रानात त्याचा सेल संपला तर माझ्या डबीतला त्याला चालणार नाही. त्याला म्हटलं, सध्या 18650 च घे.