तुम्ही विचारलंत म्हणून : तेव्हाचे संपादक पुढाऱ्यांपासून लांब राहत का?

दर ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालून झाला की चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच, "तेव्हाचे संपादक पुढाऱ्यांच्या दारात जात नसत ना हो?" रत्नागिरीत वार्ताहरकी करण्यात माझा जन्म गेला, म्हणून मलाच विचारतात.

दारात जाणार कशाला? संपादक आणि पुढारी एकच असत. टिळक 'केसरी' चालवत होते आणि १८९५ पासून मुंबईच्या कायदे कौन्सिलातही बसत होते. पूर्वी मी एवढंच सांगून गप्प बसायचो. पण त्यातून पुढाऱ्यांकडून पैशाचं पाकीट घेणाऱ्या आजच्या वार्ताहरांना आयती सबब मिळते.

म्हणून १८९७ सांगतो. आमच्या जिल्ह्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. इकडे पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरत होते. तिथल्या स्नेह्यांनी गोखल्यांना पत्रं लिहिली : दोन बायकांवर अत्याचार झाले, एकीने जीव दिला. गोखल्यांनी ते 'मँचेस्टर गार्डियन' या विलायती वर्तमानपत्राला सांगितलं. सरकारने पुरावा मागितला. पुरावा म्हणजे पत्र लिहिणाऱ्यांची नावं! पुण्यातला प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली होती, पुण्याच्या नातू बंधूंना खटल्याविना डांबलं होतं, टिळकांना अटक झाली होती. अशा पुण्यात कुणाचं नाव द्यायचं? गोखल्यांनी नाव दिलं नाही. मुंबईत उतरल्यावर आरोप मागे घेतला आणि बिनशर्त माफी मागितली, सोजीरांचीही.

मला हे इतकं का लागतं? एका जेटीच्या कामातली गडबड मला गावच्या कोतवालाने सांगितली होती. बातमी आली, पुढाऱ्याची माणसं आली, वरून विचारणा झाली : सांगितलं कुणी? मी तोंड उघडलं नाही. खुलासा छापला गेला. पाकीट घेतलं म्हणून बोभाटा झाला. घेतलं नव्हतं. कोतवालाची नोकरी राहिली, आणि जेटीचं बिलही निघालं.

टिळकांनाही माफी मागण्याचा सल्ला मिळाला होता. त्यांनी मागितली नाही, दीड वर्षाची सक्तमजुरी घेतली. पण तो खटला 'केसरी'तल्या मजकुराचा, तुरुंगात जाणार ते स्वतः. गोखले माफी न मागता अडून बसले असते, तर पत्र लिहिणारे तुरुंगात गेले असते. त्यांना भ्याड म्हणणाऱ्याशी मी भांडतो. तरीही आरोप मागे घेणं वेगळं, त्या सोजीरांची माफी मागणं वेगळं. तेवढी कशाला मागितली, ते मला आजही पटत नाही.