ग्लासगो ग्रीनवरचा ऑगस्ट

पाइप बँडची, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रम वाजवणाऱ्या ताफ्यांची, जागतिक स्पर्धा म्हटलं की बहुतेकांना संध्याकाळचं दृश्य आठवतं. सगळे बँड एकत्र मैदानात येतात, खालच्या श्रेणीपासून निकाल वाचायला सुरुवात होते आणि पहिल्या श्रेणीचं नाव येईपर्यंत कुणी जागचं हलत नाही. दरवर्षी जाणाऱ्यांच्या मनात मात्र सकाळ जास्त घर करून राहते. ग्लासगो ग्रीनच्या कडेला, बसगाड्यांच्या मागे, झाडांखाली बँड गोल करून उभे असतात. वादक वाजवतात आणि मध्ये पाइप मेजर, म्हणजे बँडचा प्रमुख, एकेकापाशी थांबून कान लावतो. स्पर्धा खरी तिथेच जिंकली किंवा हरली जाते.

अशा गोलात स्टुअर्ट लिडेल यांना पाहणं हा फार मोठा आनंद. इन्व्हरेरी हे स्कॉटलंडमधल्या लॉख फाइन या खाडीच्या काठचं अगदी छोटं गाव. तिथल्या मुलांना शिकवता शिकवता त्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात बँड उभा केला. नवशिक्या मुलांच्या श्रेणीतून निघालेला हा बँड थोड्याच वर्षांत पहिल्या श्रेणीत पोचला आणि 2017, 2019 आणि 2024 ला जगज्जेता ठरला. लिडेल यांचे आजोबा रोनाल्ड मॅककॅलम ड्यूक ऑफ अर्गाइल यांचे पाइपर होते. घरातच वाद्य होतं, पण एकट्यानं उत्तम वाजवणं आणि वीसेक पाइप्सना एका आवाजात आणणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही इतक्या उंचीवर करणारी माणसं फार थोडी.

कान नेमका कशासाठी लावायचा? बॅगपाइपला तीन ड्रोन असतात, म्हणजे एकच स्वर सतत देणाऱ्या नळ्या; चाल वाजते ती चँटरवर, बोटांनी छिद्रं झाकायच्या नळीवर. दोन टेनर ड्रोन चँटरच्या खालच्या ए स्वराच्या एक सप्तक खाली आणि एक बेस ड्रोन दोन सप्तकं खाली. तंबोऱ्यासारखाच हा अखंड आधार. चँटरवर नऊच स्वर. आवाज कमीजास्त करता येत नाही, मध्ये थांबता येत नाही, म्हणून लागोपाठ आलेला तोच स्वर वेगळा ऐकवायला ग्रेस नोट, म्हणजे मधले क्षणभराचे स्वर, लागतात. बँडमधला खालचा ए साधारण 480 हर्ट्झच्या आसपास असतो आणि हवामानाबरोबर सरकतो. ऊन पडलं की चँटर चढतो, आणि ड्रोन त्याच प्रमाणात चढत नाहीत. मग ड्रोनचे वरचे भाग थोडे खाली ढकलावे लागतात. थंड वारा सुटला की उलट.

पाइप मेजरचं खरं काम मोसमाच्या कितीतरी आधी सुरू होतं. सगळे चँटर एकाच कारागिराचे. वेताचे रीड, म्हणजे फुंकल्यावर कंप पावून स्वर काढणाऱ्या पट्ट्या, तो स्वतः वाजवून, निवडून वाटतो, कारण एक रीड फार कडक आणि शेजारचा फार मऊ असेल तर दोघांचा स्वर कधीच जुळत नाही. मऊ रीड दाब वाढला की किंचाळतो, कडक रीड शेवटच्या रीलमध्ये, म्हणजे जलद चालीत, वादकाला दमवतो. रीड चँटरमध्ये आणखी आत बसवला की स्वर चढतो, वरचे स्वर जास्त. एखादाच स्वर चढा असेल तर त्या छिद्राच्या वरच्या कडेवर टेपची बारीक पट्टी, म्हणजे तो उतरतो. सांध्यांवरचा मेण लावलेला दोरा सुकला की हवा गळते आणि ड्रोन डगमगतो. ओल साचली तर रीड बंदच पडतो, आणि स्कॉटलंडमध्ये पाऊस कुणाला विचारून येत नाही. मैदानात जायच्या आधी तास-दीड तास हे चालतं. त्याहून जास्त वाजवलं तर ओठ थकतात, हे जाणकार पाइप मेजर कधी विसरत नाही.

मार्च, स्ट्रॅथस्पे आणि रील या तीन प्रकारच्या चालींच्या फेरीसाठी बँड दोन संच तयार करून आणतो आणि कुठला वाजवायचा ते सुरुवातीच्या रेषेवर चिठ्ठीनं ठरतं. मग ड्रमच्या दोन रोल, म्हणजे सलग घुमणारे ठोके. दुसऱ्या रोलवर सगळे ड्रोन एकदम लागले पाहिजेत, त्यामागोमाग ई स्वर आणि लगेच चाल. एखादा चँटर क्षणभर आधी चिरकला तर परीक्षकांच्या कागदावर ते पडतंच. शेवटी एखादा ड्रोन मागे रेंगाळला तरी तसंच. चार परीक्षकांत दोन पाइपचे, एक ड्रमचा आणि एक एकूण मेळाचा. मेळाच्या परीक्षकाचं मत आम्हाला नेहमी सर्वात मोलाचं वाटत आलं आहे.

ग्लासगोनंतर ऑगस्टअखेर ओबानचा अर्गाइलशायर मेळावा आणि सप्टेंबरात इन्व्हरनेसचा नॉर्दर्न मीटिंग. तिथे बँड नसतो. पाइपर एकटा परीक्षकांसमोर, आणि मुख्य स्पर्धा असते पिब्रॉकची, म्हणजे बॅगपाइपच्या जुन्या, संथ आणि लांब रचनांची. दिलेल्या यादीतून परीक्षक एक रचना निवडतात. उरलर म्हणजे मूळ चाल, तिथून बदल वाढत टार्लुआ आणि क्रुनलुआपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं किंवा जास्तही, सगळं पाठ. ओबानला खेळांच्या दिवशी सकाळी स्पर्धक पाइपर एकत्र वाजवत गावातून मॉसफील्डच्या मैदानाकडे निघतात. ती मिरवणूक एकदा तरी रस्त्याच्या कडेला उभं राहून ऐकावी.

एकल स्पर्धेचा सूर बहुधा बँडपेक्षा थोडा खालचा ठेवतात. म्हणून दोन्हीकडे उतरणारा वादक ऑगस्टच्या मध्यानंतर बँडचा चँटर बाजूला ठेवतो, वेगळा चँटर आणि वेगळा रीड बसवतो आणि ड्रोन नव्यानं लावायला बसतो.