काटापट्टीचा जुना प्रोग्राम आणि ६४ बिटची नवी मशीन

कापूस यायच्या तोंडावर जिनिंगमधला नाहीतर अडत्याच्या गादीवरचा कॉम्प्युटर बदलला जातो. नव्या मशीनवर विंडोज ११ असतं. जुना फोल्डर पेन ड्राइव्हवरून आणून काटापट्टीच्या, म्हणजे वजनाच्या पावतीच्या, प्रोग्रामवर डबल क्लिक केलं, की हा अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही अशी पाटी येते. मग सल्ले सुरू होतात: कॉम्पॅटिबिलिटी मोड लावा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, अँटिव्हायरस बंद करा. प्रोग्राम डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचा, असेल तर यातलं काहीच लागू पडत नाही.

क्लिपर किंवा डॉसच्या फॉक्सप्रोत (डेटाबेसचे प्रोग्राम लिहायची जुनी साधनं) लिहिलेले हे हिशेबाचे प्रोग्राम बहुतेक १६ बिटचे. ते १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरची भाषा बोलतात. १९८५ च्या ८०३८६ मध्ये इंटेलने ‘व्हर्च्युअल ८०८६’ मोड दिला. त्यामुळे ३२ बिटची सिस्टिम चालू असतानाच डॉसचा प्रोग्राम एका बंदिस्त जागेत चालवता येऊ लागला, आणि ३२ बिट विंडोजमधला एनटीव्हीडीएम, म्हणजे डॉसचे प्रोग्राम चालवणारा भाग, यावरच उभा होता. २००३ मध्ये एएमडीने ऑप्टेरॉनमधून ६४ बिटचा विस्तार आणला. त्यात ३२ बिटचे प्रोग्राम चालतात, पण प्रोसेसर ६४ बिटच्या मोडमध्ये असताना व्हर्च्युअल ८०८६ मिळत नाही. मायक्रोसॉफ्टने ६४ बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम ठेवलाच नाही.

दोष सगळा प्रोसेसरचा, असं म्हणता येत नाही. विंडोज एनटी पूर्वी अल्फा आणि मिप्स प्रोसेसरवरही चालायचं. तिथे इंटेलचा प्रोसेसरच नव्हता, तरी एनटीव्हीडीएम सॉफ्टवेअरमधून त्याची नक्कल करून डॉस चालवायचा. तेच पुन्हा करता आलं असतं. केलं नाही, कारण ते सांभाळायचा खर्च कंपनीला परवडण्यासारखा वाटला नसावा. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती निघाली, ११ ची नाहीच. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

गंमत अशी की जुनं सांभाळायचा भार प्रोसेसर अजूनही वाहतोच आहे. आजचा नवा कोरा इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर वीज मिळाल्यावर १६ बिटच्या रिअल मोडमध्येच जागा होतो आणि मग फर्मवेअर (मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम) त्याला ६४ बिटपर्यंत चढवतं. इंटेलने २०२३ मध्ये ‘एक्स८६एस’ नावाने हा जुना भाग काढून टाकायचा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये गुंडाळून ठेवला. विंडोजमध्येही तेच. इंग्रजी अक्षरांत ‘सीओएन’ नावाचा फोल्डर करून पाहा, होत नाही. डॉसमध्ये ते कन्सोलचं, म्हणजे कीबोर्ड-स्क्रीनचं, राखीव नाव होतं आणि आजही आहे. असला वारसा त्रासदायक वाटतो, पण निरुपद्रवी आहे.

उपद्रवी वारसा वेगळा असतो. जुन्या एक्सपी मशीनला फोल्डर दिसावा म्हणून नव्या मशीनवर एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली शेअर करायची जुनी पद्धत) चालू करून देणारे मेकॅनिक आहेत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी १ मधल्या भोकातून पसरला. फाइल पेन ड्राइव्हने न्या, पण ते चालू करू नका.

लिनक्सवाले जुन्याची सोय काढून टाकताना कारण उघड सांगतात. ८०३८६ वर कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) मेमरीत लिहिताना राइट-प्रोटेक्ट, म्हणजे लिहायची मनाई, पाळला जात नाही, काही सूचनाही त्याच्याकडे नाहीत. त्या एका प्रोसेसरसाठी प्रत्येक बदलात जादा काम पडायचं, म्हणून २०१३ च्या ३.८ कर्नलमधून त्याचा सपोर्ट गेला. लिनक्सच्याच डेबियन या प्रकारात, २०२५ च्या डेबियन १३ मध्ये तर ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही नाहीत. अ‍ॅपलने २०१९ मध्ये मॅकच्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिटचे प्रोग्राम एका झटक्यात बंद केले. तो मार्ग कंपनीला सोपा, पण प्रोग्राम लिहिणारा नागपूर सोडून गेलाय आणि सोर्स कोड कोणाकडेच नाही, अशा गादीवर तो चालत नाही.

म्हणून माझं मत: जुन्याची सोय सिलिकॉनमध्येही नको, विंडोजच्या पोटातही नको. ती एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, असावी. तिथे ती बिघडली तरी बाकीची मशीन शाबूत राहते.

धंद्यासाठी साधा डॉसबॉक्स हा एम्युलेटर वापरू नका. तो गेमसाठी बनवलेला आहे, त्यात प्रिंटिंग नाही. डॉसबॉक्स-एक्स घ्या. आधी जुना फोल्डर जसाच्या तसा, सगळ्या फाइलींसकट कॉपी करा. नुसत्या डीबीएफ (टेबलांच्या फाइली) नेल्या आणि डीबीटी किंवा एफपीटी राहिल्या तर मेमो फील्ड, म्हणजे लांब मजकुराचे रकाने, जातात. इंडेक्सच्या एनटीएक्स, सीडीएक्स फाइली हरवल्या तरी प्रोग्राममधल्या री-इंडेक्सने परत बनतात. कॉन्फिगमध्ये ‘फाइल्स’ची (एकदम उघडता येणाऱ्या फाइलींची) मर्यादा पुरेशी मोठी ठेवा, नाहीतर बरीच टेबलं उघडली की क्लिपर एरर देऊन थांबतो. लोडशेडिंगचा भरवसा नाही, तेव्हा यूपीएस लागतोच. लिहिताना वीज गेली की पहिला बळी इंडेक्सचा. खिडकीच्या फुलीने प्रोग्राम बंद केला तरी तीच गत, नेहमी प्रोग्रामच्या मेनूतून बाहेर पडा.

तारीखही तपासा. वर्षाचे दोनच आकडे टाकायचा प्रोग्राम असेल आणि आत इपॉक (दोन आकडी वर्ष कोणत्या शतकातलं ते ठरवणारी सेटिंग) सेट केलेला नसेल, तर ‘२६’ टाकल्यावर १९२६ साठवलं जातं. मग कास्तकाराचा चुकारा यादीत सगळ्यात वर जाऊन बसतो आणि व्याजाचे आकडे भलतेच येतात. डीबीएफमध्ये तारीख आठ आकड्यांत पूर्ण असते, त्यामुळे लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडून खात्री करता येते. फक्त कॉपीवर बघा. मूळ फाइल तिथून सेव्ह केली तर रकान्यांची रुंदी आणि प्रकार बदलून प्रोग्राम तिला नाकारू शकतो.

खरी डोकेदुखी वायरींची. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला २५ पिनचं पॅरलल पोर्ट लागतं आणि यूएसबी-टू-पॅरलल केबल एलपीटी१ (डॉसला माहीत असलेलं प्रिंटरचं पोर्ट) बनवत नाही, विंडोजला ती यूएसबी प्रिंटर म्हणूनच दिसते. उपाय असा: ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हरने प्रिंटर बसवा, तो शेअर करा, डॉसबॉक्स-एक्सचं पॅरलल आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि ती फाइल ‘कॉपी’ कमांडला बायनरीचा ‘/बी’ पर्याय देऊन शेअर केलेल्या प्रिंटरला पाठवा. एवढं एका बॅच फाइलमध्ये बसतं. ग्राफिक ड्रायव्हरने छापलं तर काटापट्टीची अक्षरं बारीक येतात, वेग मरतो आणि आधीच छापलेल्या कागदावरच्या ओळी सरकतात.

वजनकाट्याच्या इंडिकेटरचं ९ पिनचं सिरीयल पोर्ट तुलनेने सोपं. यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टरला विंडोज कॉम ७ वगैरे नंबर देतं, जुन्या प्रोग्रामला कॉम १ आणि २ एवढेच माहीत. डिव्हाइस मॅनेजर, पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे नंबर बदला, आणि डॉसबॉक्स-एक्सच्या कॉन्फिगमध्ये सिरीयल पोर्ट त्याला जोडून द्या. बॉड रेट (डेटाचा वेग) आणि पॅरिटी (चूक तपासायची सेटिंग) इंडिकेटरवर असेल तीच ठेवा. वजनाऐवजी चिन्हांचा कचरा आला तर चूक जवळपास नेहमी इथेच असते. कन्व्हर्टर एफटीडीआय चिपचा घ्या. स्वस्तातल्या पीएल२३०३ च्या जुन्या किंवा नकली चिपला नवा ड्रायव्हर ओळखून नाकारतो आणि ‘कोड १०’ ही एरर दाखवतो.

एकच गोष्ट एम्युलेटरला सहसा जमत नाही: पॅरलल पोर्टमध्ये खोचलेला डोंगल, म्हणजे प्रोग्रामच्या लायसन्सची किल्ली. तो असेल तर जुनी ३२ बिट मशीनच ठेवा, तिला इंटरनेट देऊ नका, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला आणि हार्ड डिस्कची पूर्ण इमेज हंगामाआधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. डिस्क आयडीई (रुंद पट्टीच्या वायरची जुनी) असेल तर यूएसबी अ‍ॅडॉप्टरला जोडण्याआधी जंपर मास्टरवर आहे का ते बघा, स्लेव्हवर असली तर बरेच अ‍ॅडॉप्टर तिला दाखवत नाहीत.